मैदानावरची घोकंपट्टी

ऑलिंपिक स्पर्धा आटोपल्या की आपल्याकडे आठ-पंधरा दिवस क्रीडाचिंतनाची एक लाट येते. एवढ्या मोठ्या देशाला इतकी थोडी पदके का, हा प्रश्न दर चार वर्षांनी नव्या उत्साहाने विचारला जातो आणि मैदाने नाहीत, पैसा नाही, सकस आहार नाही, राजकारण मात्र भरपूर आहे, ही ठरावीक उत्तरे देऊन चर्चा थांबते. ही उत्तरे चुकीची आहेत असे नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांना प्रवासखर्चासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी २०२४ सालचे पॅरिस उजाडावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे याने ते ५० मीटर रायफल प्रकारात मिळविले. बहात्तर वर्षांच्या या अंतरात साधनांच्या दारिद्र्याचा वाटा मोठा आहे, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाने नाकारण्याचे कारण नाही.

परंतु अर्थशास्त्र आणखी एक प्रश्न विचारावयास शिकविते. जी साधने हाती आहेत, त्यांतून उत्पादन किती निघते? दोन मुलांना एकच मैदान, एकच शिक्षक आणि रोजचा एकच तास दिला, तर त्या तासाचा उपयोग कसा केला यावर एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या दुप्पट वाढू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र शंभर-सव्वाशे वर्षांपासून उभे राहत आहे. क्रीडा मानसशास्त्र हे त्याचे नाव. आपल्याकडे मात्र या नावाबरोबर डोळ्यांपुढे उभा राहतो तो सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना ‘तुम्ही जिंकणारच’ असे पटवून देणारा वक्ता. या शास्त्राचा गाभा त्या भाषणात नाही. एखादी हालचाल शरीरात मुरते कशी आणि मुरलेली हालचाल ऐन वेळी बिघडते का, हे त्याचे खरे विषय आहेत.

या अभ्यासाचा आरंभ मोठा मौजेचा आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन संशोधकाने सायकल शर्यतींचे आकडे पाहिले, तेव्हा एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला स्वार अधिक वेगाने जातो असे त्याला दिसले. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची रिळे गुंडाळायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीने. १८९८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडीदाराच्या सान्निध्यात अनेक मुलांचा वेग वाढला, काहींना काहीच फरक पडला नाही आणि काही मुले इतकी उत्तेजित झाली की त्यांचे काम उलट बिघडले. या शेवटच्या गटाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातील शर्यतीला कडेला उभे राहून ‘पळ, पळ’ म्हणून ओरडणारे पालक आणि शिक्षक पहिल्या गटाचाच विचार करीत असतात. पुढे १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने याची संगती लावली. बघ्यांच्या उपस्थितीत माणसाची सर्वांत पक्की झालेली प्रतिक्रिया बळावते. ज्याचे कौशल्य पक्के आहे त्याची पक्की हालचाल बरोबर असते, म्हणून तो प्रेक्षकांपुढे अधिक चांगला खेळतो. नवशिक्याच्या बाबतीत पक्की असते ती चूक, म्हणून ती चूकच बळावते. नवशिक्याला चारचौघांपुढे उभे करून ‘दाखव बरे’ म्हणण्याची आपली जुनी शिक्षणपद्धती या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे.

शिकण्याची पायरी

फिट्स आणि पोझनर या दोघांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था सांगितल्या. त्या पुढे क्रीडाशिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आल्या. पहिल्या अवस्थेत शिकणारा विचार करीत हालचाल करतो. कोपर कुठे, पाय कुठे, नजर कुठे, हे तो स्वतःशी बोलत असतो. दुसऱ्या अवस्थेत चुका कमी होतात, तुकडे एकमेकांना जोडले जातात. तिसऱ्या अवस्थेत हालचाल आपोआप घडते आणि मन दुसऱ्या गोष्टींना मोकळे होते. सायकल शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रवास केलेला आहे. या तिन्ही अवस्थांना एकच औषध लागू पडत नाही, एवढे जरी शिक्षकाच्या ध्यानी आले तरी पुष्कळ झाले.

आता सरावाकडे वळू. आपल्याकडे सराव म्हणजे आवृत्ती. एकच फटका पन्नास वेळा मारायचा, तो ‘बसला’ की दुसरा पन्नास वेळा. पाढे घोकण्याची रीत आपण जशीच्या तशी मैदानावर नेली आहे. तिला पाठिंबा देणारा अनुभवही रोज मिळतो, कारण पन्नासाव्या वेळी फटका पहिल्या वेळेपेक्षा खरोखरच चांगला बसलेला असतो. शिक्षक समाधानाने घरी जातो, मुलगाही जातो. गफलत आहे ती येथे.

१९७९ साली शिआ आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या काही हालचाली दोन गटांना शिकविल्या. एका गटाने एक हालचाल पुरी करून मग दुसरी घेतली; दुसऱ्या गटाला हालचाली उलटसुलट, मिसळून दिल्या. सरावाच्या वेळी पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. काही काळाने पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले आणि मिसळून शिकलेला गट पुढे गेला. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ साली हीच गोष्ट बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर करून पाहिली. ज्या नवशिक्या मुलींनी तिन्ही प्रकार सरमिसळ करून गिरविले होते, त्या नंतरच्या परीक्षेत सरस ठरल्या. ज्या बाजूने सराव केलाच नव्हता अशा कोर्टाच्या बाजूने सर्व्हिस करायला लावले तेव्हाही त्याच पुढे राहिल्या.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. तोच फटका लागोपाठ मारताना आधीच्या फटक्याचा ठसा ताजा असतो; मेंदूला नवे काही जुळवावे लागत नाही. प्रकार बदलला की मागचे पुसून पुन्हा मांडणी करावी लागते. ही मांडणी करण्याचे श्रम हेच शिक्षण होय. त्या श्रमांमुळे सराव करताना कामगिरी खालावते आणि म्हणून शिक्षकाला व विद्यार्थ्याला दोघांनाही वाटते की काहीतरी चुकते आहे. आजच्या वहीत दिसणारी प्रगती आणि उद्या उरणारी प्रगती या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि आपली सारी व्यवस्था, मैदानावरची आणि वर्गातलीही, आजच्या वहीकडे पाहून चालते.

डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल येथील घराच्या मागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू फेकीत असे आणि परत येणारा चेंडू स्टंपने टोलवीत असे, ही हकिकत क्रिकेटप्रेमींना पाठ आहे. ती सांगताना आपण चिकाटीचे कौतुक करतो. परंतु त्या चौथऱ्याचा पृष्ठभाग वक्र होता, म्हणून प्रत्येक चेंडू निराळ्या कोनातून परत येत होता. एकही चेंडू मागच्यासारखा नव्हता. कोणत्याही पुस्तकावाचून त्या मुलाला मिसळीचा सराव मिळाला होता. आपल्या खो-खो आणि कबड्डीतही हा गुण अंगभूतच आहे. कबड्डीच्या चढाईत समोरच्या सात जणांची मांडणी पुन्हा कधी तशीच येत नाही. तालमीतला वस्ताद नव्या पठ्ठ्याला एक डाव दाखवितो खरा, पण तो पक्का होतो वेगवेगळ्या अंगलटीच्या मल्लांशी लढत करूनच. मल्लखांब, नेमबाजी किंवा गोळाफेक यांची गोष्ट थोडी निराळी. तेथे खांब, लक्ष्य, वर्तुळ हलत नाही. म्हणून हालचालीची तंतोतंत पुनरावृत्ती हे तेथे साध्य असते. पण तेथेसुद्धा काहीसा फेरपालट उपयोगी पडतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. सरमिसळीचा हा परिणाम प्रयोगशाळेत जितका ठळक दिसतो तितका प्रत्यक्ष मैदानावर दिसत नाही, असे अलीकडच्या वर्षांतील तपासण्यांवरून म्हणावे लागते. अगदी कोवळ्या वयाच्या किंवा अगदी नव्या शिकाऊला आरंभी थोडी आवृत्ती लागतेच. तेव्हा पन्नासांचा जप एकदम बंद करावा असे कोणी समजू नये. जप पाचावर आणावा, दहावर आणावा, आणि मुलगा सावरला की प्रकार मिसळावेत.

शिक्षकाच्या बोलण्याविषयीही हेच म्हणता येईल. प्रत्येक प्रयत्नानंतर ‘हात वर, गुडघा वाकव’ असे सांगणारा शिक्षक कष्टाळू वाटतो. विन्स्टीन आणि श्मिट यांच्या १९९० सालच्या प्रयोगांत मात्र निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितलेल्यांना पुढे अधिक लक्षात राहिले. सतत सांगितले की शिकणारा स्वतःच्या शरीराचे ऐकायचे सोडून देतो. काय सांगावे यालाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांत असे दिसत आले की, लक्ष आपल्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवले तर कौशल्य लवकर येते. गोळा फेकणाऱ्या मुलाला ‘मनगट सरळ ठेव’ म्हणण्याऐवजी ‘त्या समोरच्या झाडाच्या शेंड्यावरून जाऊ दे’ म्हणावे. यात एक पैशाचाही खर्च नाही.

ऐन वेळी काय होते?

चांगले शिकलेला खेळाडू दडपणाखाली कच का खातो, हा या शास्त्रातील सर्वांत कुतूहलाचा प्रश्न. सामान्य समजूत अशी की त्याचे लक्ष उडते. संशोधन निराळे काही सांगते. रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ साली आणि पुढे बेलॉक व कार यांनी २००१ साली दाखविले की, दडपणाखाली माणूस लक्ष देतो ते नको तेथे. जी हालचाल आपोआप घडत होती तिच्यावर तो पुन्हा देखरेख ठेवू लागतो. तिसऱ्या अवस्थेतून पहिल्या अवस्थेत घसरतो. जिना उतरताना पायांचा विचार करू लागले तर जे होईल तेच. रिच मास्टर्स यांचा १९९२ सालचा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यांनी काही जणांना गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलण्याची कला नियम सांगून शिकविली. दुसऱ्यांना मात्र सराव करताना मनाला येईल ती अक्षरे उच्चारीत राहायला लावले, म्हणजे नियम घडविण्यास मनाला सवडच मिळू नये. दडपण आणल्यावर नियम जाणणाऱ्यांची प्रगती अडली. ज्यांच्याजवळ आठवायला नियमच नव्हते त्यांची चालू राहिली.

येथे प्रस्तुत लेखकाच्या विषयातील एका पाहणीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. बक्षीस वाढवा म्हणजे काम वाढेल, हा अर्थशास्त्राचा जवळजवळ मूलमंत्र. डॅन अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या ग्रामीण भागात लोकांना हातचलाखीचे, स्मरणशक्तीचे आणि कल्पकतेचे काही खेळ खेळायला लावले व त्यांना निरनिराळी बक्षिसे देऊ केली. सर्वांत मोठे बक्षीस तेथील माणसाच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाइतके होते. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या आशेने खेळणाऱ्यांची कामगिरी सर्वांत वाईट झाली. मूलमंत्राला मर्यादा आहे, ती ही. ज्या कामाला कौशल्य लागते, त्यात डाव जितका मोठा तितका हात थरथरण्याचा धोका मोठा.

अभिनव बिंद्राची कथा याच प्रकाशात वाचावी. २००४ साली अथेन्सला १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत तो तिसरा होता. अंतिम फेरीत सातवा आला. २००८ साली बीजिंगला पात्रता फेरीत तो चौथा होता. अंतिम फेरीतील शेवटच्या गोळीपूर्वी तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. हाक्किनेनने ९.७ गुण नोंदविले, बिंद्राने १०.८. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक सुवर्णपदकाचा निकाल या एका गोळीवर लागला. या चार वर्षांत त्याच्याजवळ पैसा होता, घरची रेंज होती, परदेशी मार्गदर्शक होते, हे सारे खरे. परंतु मानसशास्त्रज्ञाच्या साहाय्याने मनाची तयारीही त्याने बंदुकीच्या तयारीइतकीच रोकडी मानली होती. आपल्या राज्यात या क्षेत्राची पायवाट घालणाऱ्यांमध्ये नाशिकचे भीष्मराज बाम यांचे नाव घ्यावे लागेल. पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी असलेल्या आणि २०१७ साली निधन पावलेल्या बामांनी योगशास्त्राचा आधार घेऊन अनेक खेळाडूंना एकाग्रतेचे धडे दिले आणि मराठीतून या विषयावर लिहिले.

पोलीस खात्याचा उल्लेख आलाच आहे, तर एका कळीच्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रातील हजारो तरुण-तरुणींच्या दृष्टीने खेळातील कौशल्याचा प्रश्न पदकाचा नाही, पोटाचा आहे. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जावे. पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली अंधारात दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. वर्ष-दोन वर्षे केलेल्या मेहनतीचा फैसला एका सकाळी होतो. अनोळखी मैदान, आदल्या रात्रीची अपुरी झोप, शेकडो उमेदवारांची रांग, हाती घड्याळ घेतलेले अधिकारी आणि घरी बातमीची वाट पाहणारे आईवडील. कित्येक महिन्यांच्या खर्चाइतक्या बक्षिसाने जर हात थरथरतो, तर येथे जन्माच्या नोकरीचा प्रश्न आहे. या मुलांच्या अकादम्या त्यांच्याकडून पळवून घेतात, दंड-बैठका काढून घेतात. पण त्या सकाळची तालीम कोणी घेत नाही.

ती घेता येते, याचा पुरावा पोलिसांच्याच प्रशिक्षणातून मिळतो. नेदरलँड्समध्ये राऊल आउडेयान्स यांनी पोलिसांच्या पिस्तूल-प्रशिक्षणावर केलेले संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव केला. दुसऱ्याने समोरून उलट गोळ्या झाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर, अर्थात इजा न करणाऱ्या रंगीत गोळ्यांनी. सरावापूर्वी दडपणाखाली दोन्ही गटांचा नेम बिघडत असे. सरावानंतर पुठ्ठ्यावाल्यांचा तसाच बिघडत राहिला. दडपण अंगवळणी पडलेल्यांचा टिकला.

दुसरे साधन मानसिक सरावाचे. शांत बसून संपूर्ण हालचाल मनात घडवून आणणे, हे ऐकायला बुवाबाजीसारखे वाटते. पण तबला शिकणारा विद्यार्थी हात न लावता बोल म्हणतो, त्या पढंतीला आपण बुवाबाजी म्हणत नाही. ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तोवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. मानसिक सराव काहीच न करण्यापेक्षा निश्चित चांगला, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी, आणि दिवस लोटले की त्याचा परिणाम ओसरतो, असे त्यात निघाले. पाय मुरगळलेल्या मुलाला किंवा परीक्षेच्या दिवसांत मैदानावर जाता न येणाऱ्या मुलीला हे साधन फुकट उपलब्ध आहे. मात्र ते करताना कपडे तेच, वेग खरा, जागा डोळ्यांपुढे असली पाहिजे; पदक गळ्यात पडल्याची स्वप्ने रंगविणे म्हणजे मानसिक सराव नव्हे. सकारात्मक विचारांच्या शिबिरांचा जो बाजार आज भरलेला आहे, त्यात या दोहोंची गल्लत राजरोस केली जाते आणि तिची फीही आकारली जाते.

शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमात मानसशास्त्राचा पेपर असतो. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना त्या पेपराचे पुढे काय होते ते ठाऊक आहे. व्याख्या पाठ होतात, अवस्था पाठ होतात, उत्तरपत्रिका भरतात. मैदानावर मात्र साठ मुलांची एक रांग, एक चेंडू आणि एक शिट्टी असते. चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन प्रयत्न येतात. तोही तास पुष्कळदा गणिताच्या शिक्षकाला दिलेला असतो. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भाषा केली, ती स्वागतार्हच. पण भाषेने रांग तुटत नाही. साठ मुलांचे दहा गट करून दहा ठिकाणी दहा निरनिराळी कामे दिली आणि दर चार मिनिटांनी जागा बदलली, तर वाट पाहण्याचा वेळ घटतो आणि सरावाची सरमिसळही आपोआप होते. चेंडू नसेल तर चिंध्यांचा चालतो, गोळ्याऐवजी वाळूची पिशवी चालते. यासाठी शासकीय परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

भरतीच्या अकादम्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, महिन्यातून एकदा मुलांना शेजारच्या तालुक्याच्या अपरिचित मैदानावर न्यावे, छातीवर क्रमांक लावावेत, तेथील अनोळखी शिक्षकाच्या हाती घड्याळ द्यावे, दोन तास रांगेत ताटकळत ठेवावे आणि मग पळवावे. निकाल फळ्यावर सर्वांच्या देखत लिहावा. दोन्हीकडच्या अकादम्यांनी हे आलटून-पालटून केले तर जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे एवढाच काय तो खर्च येईल.